१९६५ सालची गाडी आज कोल्हापूर स्टेशनातून कशी सुटेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वीस मिनिटांचा लघुपट, विचारणाऱ्याच्या आजीच्या आयुष्यावरचा. १९६५ साली, लग्नाला वर्ष व्हायच्या आत आजोबा मुंबईच्या गिरणीत नोकरीला गेले आणि आजी त्यांना सोडायला कोल्हापूर स्टेशनवर गेली. हा निरोप त्याच स्टेशनवर चित्रित करायचा आहे. पैसे बेताचे आहेत. मित्र म्हणतात, पहाटे प्लॅटफॉर्म तिकीट काढून मोबाईलवर गुपचूप उरकून टाकू. रेल्वे परवानगी देते का, आणि न घेता केलं तर काय बिघडेल?

मी कोल्हापुरात बरीच वर्षं प्रॉडक्शनचं काम करतोय. मालिका आणि मराठी चित्रपटांसाठी स्टेशन, डबा, फाटक असे प्रसंग उभे करणं हा त्यातला नेहमीचा भाग. सरळ उत्तर आधी देतो. परवानगी मिळते, आणि ती न घेता कॅमेरा काढू नका. पण तुमची खरी अडचण परवानगीची नाही. उद्या रेल्वेने अख्खं स्टेशन दिवसभर तुमच्या हवाली केलं, तरी तुमच्या आजीचं स्टेशन तिथे सापडणार नाही. तेव्हा परवानगी नेमकी कशासाठी मागायची, हे आधी ठरवू.

१९६५ साली कोल्हापूर ते मिरज आणि मिरज ते पुणे हा सगळा मार्ग मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १ मीटर. आजच्या ब्रॉडगेजचं अंतर १.६७६ मीटर आहे आणि ते आपल्याकडे १९७१ च्या सुमारास आलं. डबे अरुंद, इंजिन वाफेचं. आजोबा कोल्हापुरात बसून थेट मुंबईला उतरले नसणार. पुण्याला सामान उतरवून त्यांना ब्रॉडगेजची गाडी धरावी लागली असणार. संवादात ‘पुण्याला गाडी बदलायची, ट्रंकेवर लक्ष ठेवा’ एवढं एक वाक्य आलं तरी काळ उभा राहतो. उलट ‘महालक्ष्मी’चं नाव आलं असेल तर काढून टाका, ती ब्रॉडगेज आल्यानंतरची गाडी. डब्यावर ‘मध्य रेल्वे’ लिहू नका, ‘दक्षिण रेल्वे’ लिहा. दक्षिण मध्य रेल्वे ऑक्टोबर १९६६ मध्ये स्थापन झाली, त्याआधी हा मार्ग दक्षिण रेल्वेकडे होता. तिसरा वर्ग १९७४ पर्यंत चालू होता, त्यामुळे गिरणीत जाणारा माणूस तिसऱ्या वर्गात, लाकडी फळ्यांच्या बाकावर बसणार. तिकीट पुठ्ठ्याचं, बोटभर आकाराचं. आणि पाटीवर फक्त ‘कोल्हापूर’, छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे नाव नंतरचं.

आता आजचं स्टेशन डोळ्यांसमोर आणा. डोक्यावर विजेच्या तारा, ठरावीक अंतरावर लोखंडी खांब, विजेचं इंजिन, लाल-करड्या रंगाचे एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीचे डबे, डिजिटल फलक, एलईडी दिवे. यातलं काय काय लपवणार? मोठ्या बजेटचे चित्रपट वाफेच्या इंजिनासाठी हरियाणात रेवाडीच्या शेडकडे जातात, तिथे जुनी इंजिनं चालू स्थितीत ठेवली आहेत. तुमच्या बजेटात ते बसणारं नाही आणि प्रसंगाला त्याची गरजही नाही.

प्रसंग नीट वाचा. तो आजीचा आहे. कॅमेरा ज्याच्याकडे बघतोय तो माणूस प्लॅटफॉर्मवरच राहतो. म्हणजे प्रेक्षकाला दिसायला हवं ते एक खिडकी, त्या खिडकीतला माणूस आणि खिडकी सरकू लागल्यावर आजीच्या चेहऱ्यावर काय होतं ते. बाकीची गाडी आवाजाने आणि उजेडाने भरता येते. ही तडजोड आहे असं समजू नका. सत्यजित राय यांचा १९६६ चा ‘नायक’ बहुतेक सगळा आगगाडीत घडतो आणि त्यातला डबा कला दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी स्टुडिओत बांधलेला होता. १९६९ च्या ‘आराधना’त दार्जिलिंगच्या गाडीत बसलेली नायिका आणि शेजारच्या रस्त्यावर जीपमधून गाणारा नायक आपण एकत्र पाहतो. प्रत्यक्षात शर्मिला टागोर यांचे खिडकीतले शॉट स्टुडिओत वेगळे घेतले होते. प्रेक्षकाची नजर खिडकीला धरून असते, आणि ती खिडकी खरी वाटली की पुढची-मागची गाडी तो स्वतःच जोडून घेतो.

आमच्या कामात ही खिडकी कशी करतात, ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचा सगळा प्रसंग तिच्यावर उभा आहे.

सुतारांकडून डब्याच्या बाहेरच्या बाजूचा एक तुकडा करून घ्या, साधारण दोन खिडक्या मावतील एवढा, प्लायवूडचा. खिडकीला आडवे गज हवेत आणि ते खऱ्या लोखंडी सळीचे हवेत, कारण आजोबांचा हात त्यांना धरणार आहे आणि प्लास्टिकच्या नळीवर बोटांची पकड खोटी दिसते. रंग गडद तांबडट-तपकिरी. निळे डबे १९९० नंतरच्या दशकातले. रंग कोरा सोडू नका, खिडकीच्या खालच्या कडेला हात घासून घासून जो काळपटपणा येतो तो तेलकट फडक्याने आणा, वाफेच्या काळातली काजळी वरच्या कडेला. आत एक फळ्यांचा बाक, मागे गडद भिंत. हा सगळा सांगाडा ट्रॉलीवर चढवायचा आणि ट्रॉली रुळांवर. शूटिंगच्या ट्रॉलीचे रूळ कोल्हापुरात भाड्याने मिळतात. दोन माणसं दोरीने ओढतात. आजोबा आत बसलेले, आजी बाहेर उभी. खिडकी दहा-बारा फूट सरकली की फ्रेमच्या बाहेर जाते. तेवढं पुरतं.

ओढणाऱ्यांना एक गोष्ट बजावून सांगा, सुरुवात एकदम गुळगुळीत नको. वाफेची गाडी सुटताना डब्यांच्या जोडण्या एकामागून एक ताणल्या जातात आणि बसलेल्या माणसाला बारीक हिसका बसतो. पहिला हिसका, मग अर्ध्या सेकंदाची ढिलाई, मग खरी चाल. आजोबांचा खांदा त्या हिसक्याला हलला पाहिजे. हा एक क्षण नीट साधला की सेटची बाकीची उणीव कुणी शोधत बसत नाही.

प्रसंग रात्रीचा करता आला तर करा. घरात कुणाला खरी वेळ आठवत असेल तर आधी विचारा, आणि ती दिवसाची निघाली तर दिवसाचाच करा. पण मोकळीक असेल तर रात्र तुमच्या फायद्याची. अंधारात न लागणाऱ्या सगळ्या गोष्टी गडप होतात. शिवाय सुटणाऱ्या गाडीच्या खिडक्यांचा उजेड प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसावरून पट्ट्यापट्ट्यांनी सरकतो, आणि तो खोटा करणं सोपं आहे. पिवळसर दिव्यासमोरून खिडक्यांच्या आकाराची भोकं पाडलेली लांब फळी दोघांनी चालत न्यायची, आधी सावकाश, मग जरा वेगात. शेवटच्या खिडकीनंतर आजीचा चेहरा अंधारात जाऊ द्या.

आता आवाज. यात बहुतेक नवखे घाई करतात. इंटरनेटवरून कुठल्या तरी परदेशी इंजिनाची शिट्टी उचलतात, खाली एकसारखा झुकझुक लावतात आणि संपलं. तसं करू नका, थोडं गणित करा. दोन सिलिंडरच्या वाफेच्या इंजिनाचं चाक एकदा फिरलं की वाफेचे चार भसके येतात. मीटरगेजवरच्या वायपी जातीच्या प्रवासी इंजिनाचं मोठं चाक सुमारे १.३७ मीटर व्यासाचं, म्हणजे एका फेरीत गाडी साधारण ४.३ मीटर पुढे जाते. आजी गाडीच्या बरोबर चालतेय, वेग ताशी ५ किलोमीटर धरा, तर एका फेरीला तीन सेकंद लागतात आणि भसके सेकंदाला एक ते दीडच्या दरम्यान पडतात. ती धावू लागली, ताशी १० किलोमीटर, की तेच सेकंदाला अडीच. म्हणजे आवाज तिच्या पावलांबरोबर वाढतो. एडिटिंगला बसाल तेव्हा झुकझुक आधी लावून चित्र त्यावर कापू नका, तिची चाल बघून भसके बसवा.

डब्याच्या आतला प्रसंग असेल, म्हणजे आजोबा प्रवासात चिठ्ठी वाचताहेत वगैरे, तर रुळांचा आवाज लागेल. तेव्हा रूळ तुकड्यातुकड्यांनी जोडलेले असत, मीटरगेजवर रुळाची नेहमीची लांबी साधारण १२ मीटर. ताशी ४० किलोमीटर वेगाला प्रत्येक सांधा एका सेकंदापेक्षा थोड्या जास्त वेळाने येतो. आणि आवाज एकेरी ‘खट’ असा येत नाही, दोन-दोन चाकांच्या जोडीचा ‘खटखट’ असा येतो, कारण डब्याखालच्या प्रत्येक बोगीला, म्हणजे चाकांच्या चौकटीला, दोन आस असतात. आज रूळ जोडून अखंड केलेले आहेत, त्यामुळे चालू गाडीत बसून रेकॉर्डिंग केलंत तर हा ताल जवळपास मिळतच नाही, स्टेशनाजवळच्या सांध्यांवर तेवढा थोडा सापडेल. तिथला एक चांगला ‘खटखट’ पकडा आणि बाकीचा त्यावरून बांधा.

याच्या उलटचं गणित आजच्या काळातल्या प्रसंगाला लागतं. खिडकीतून आत पडणाऱ्या खांबांच्या सावल्या सेटवर अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने फिरवतात, तेही गाडी रमतगमत चाललेली असताना. विजेच्या तारांचे खांब साधारण ५० ते ६० मीटर अंतरावर असतात. ताशी ६० किलोमीटरला सावली तीन-साडेतीन सेकंदांनी एकदा यायला हवी. तुमच्या लघुपटात मात्र हे खांब नकोतच.

‘पथेर पांचाली’त (१९५५) अपू आणि दुर्गाला गाडी प्रत्यक्ष दिसायच्या कितीतरी आधी रात्रीच्या अंधारात तिची शिट्टी ऐकू येते, आणि प्रेक्षक तेव्हापासून त्या गाडीची वाट बघत असतो. तुमच्या लघुपटात आजी घरात आहे, आजोबांची ट्रंक भरली जातेय, तेव्हाच लांबून एक शिट्टी टाका. स्टेशनवर काय होणार ते तिथेच सुरू होईल.

प्लॅटफॉर्मचा सेट कुठे लावायचा? शाहूपुरीच्या बाजूला जुन्या दगडी वखारी आहेत, ओटा आणि पुढे पत्र्याची किंवा कौलांची पडवी असलेल्या. तसा ओटा रात्री प्लॅटफॉर्म म्हणून उत्तम दिसतो. मालकाशी बोला, कोल्हापुरात शूटिंगला जागा देणारी माणसं अजून भेटतात. मोरेवाडीची चित्रनगरी हा दुसरा मार्ग, तिथे वीज, पार्किंग, मेकअपची सोय या कटकटी वाचतात, पण भाडं आणि तुमची माणसं यांचा हिशेब घालून बघा. मागे एक लाकडी बाक, कंदील, रुळाचा तुकडा टांगून केलेली घंटा, हिरवा झेंडा नाहीतर हिरवा दिवा घेतलेला गार्ड. लाऊडस्पीकरवर रेकॉर्ड केलेली घोषणा नको. घंटा, गार्डची शिट्टी, इंजिनाची शिट्टी, हिसका, या क्रमाने गाडी सोडा. डब्याची मापं, कड्या-कोयंडे बघायचे असतील तर एक दिवस काढून हुबळीचं रेल्वे संग्रहालय बघून या, आणि जमलं तर मैसूरूचंही. मोजपट्टी बरोबर न्या आणि प्रत्येक वस्तूशेजारी ती धरून फोटो काढा, सुताराला नुसता फोटो पुरत नाही.

एवढं झाल्यावर खऱ्या रेल्वेची गरज किती उरते? माझ्या मते एका लांबच्या शॉटची. रुकडीजवळ पंचगंगेवर रेल्वेचा पूल आहे. रात्री नदीकाठच्या एखाद्या शेतातून, रेल्वेच्या हद्दीबाहेर उभं राहून, पुलावरून जाणारी गाडी घेतली तर उजेडाच्या खिडक्यांची ओळ तेवढी दिसते. डबा एलएचबी आहे की लाकडी, त्या अंतरावरून कळत नाही. कॅमेरा तिपाईवर अगदी स्थिर ठेवा, म्हणजे एखादा खांब उजेडात आला तर नंतर पुसून टाकता येतो. शेताच्या मालकाला आधी विचारा आणि पावसाळ्यात काठावर जाऊ नका.

हे सगळं काळाच्या अटीवर अवलंबून आहे. तुमची कथा आजची असती तर मी उलट सल्ला दिला असता, थेट स्टेशनवर जा, सेटच्या भानगडीत पडू नका. कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन असल्यामुळे गाडी एकाच दिशेला, पूर्वेकडे सुटते. सकाळच्या गाडीला जाणाऱ्या गाडीकडे तोंड केलंत तर ऊन समोरून कॅमेऱ्यात येतं, संध्याकाळी तेच पाठीमागून चेहऱ्यांवर येतं, हे बघून वेळ मागितली असती. निव्वळ गावाकडचं छोटं स्टेशन हवं असेल तर मिरजेपर्यंतची मधली स्टेशनं बघितली असती, कारण तिथे गर्दी आवरायला माणसं कमी लागतात. आणि १९८० नंतरची गोष्ट असती तर मध्यम मार्ग निघाला असता. म्हणून दुसऱ्या कुणाच्या अनुभवावरून ‘आम्ही स्टेशनवर केलं, मस्त झालं’ असं ऐकलंत, तर त्यांची गोष्ट कुठल्या काळातली होती ते विचारा.

तरीही स्टेशनवर एखादा शॉट घ्यायचाच असेल तर रीत अशी. कोल्हापूर मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतं आणि चित्रीकरणाचा अर्ज मध्य रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडे, मुंबईच्या मुख्यालयात जातो. एकाहून जास्त विभागीय रेल्वेंच्या हद्दीत काम असेल तर रेल्वे बोर्डाकडे. केंद्र सरकारच्या फिल्म फॅसिलिटेशन ऑफिसच्या पोर्टलवरूनही रेल्वेसाठी अर्ज करता येतो. अर्जाबरोबर पटकथा लागते, विशेषतः रेल्वेतला भाग. स्टेशन, तारीख, वेळ, माणसं आणि सामानाची यादी, विमा, हमीपत्र, परवाना शुल्क आणि अनामत रक्कम. शुल्क जागेवर आणि दिवसांवर ठरतं. डबा किंवा गाडी वेगळी मागितलीत तर खर्चाची जातच बदलते, त्या वाटेला जाऊ नका. पटकथेत कुणी रुळांवरून धावतंय, टपावर चढतंय, दारात लोंबकळतंय असं काही असेल तर आक्षेप येणार हे धरून चाला. मध्य रेल्वेला चित्रपटवाले नवे नाहीत. ‘दिलवाले दुल्हनिया’मुळे माहीत झालेलं पनवेलजवळचं आपटा, लोणावळा, खंडाळा, वाठार, सातारा ही तिची नेहमीची शूटिंगची ठिकाणं. अर्ज स्वच्छ असेल आणि मागणी नेमकी असेल तर तिथली माणसं सहकार्य करतात, हा माझा अनुभव. ‘एक दिवस, एक प्लॅटफॉर्म, तीन तास, आठ माणसं, दोन गाड्यांच्या मधली वेळ’ अशी मागणी लवकर पुढे सरकते. ‘स्टेशन परिसरात चित्रीकरण’ असं मोघम लिहिलंत की फेऱ्या सुरू.

आता गुपचूप करण्याबद्दल. प्लॅटफॉर्म तिकीट म्हणजे तिथे थांबायची मुभा, चित्रीकरणाची नव्हे. रुळांवर उतरलात तर रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. टप, पायरी किंवा इंजिनावरून प्रवास केल्यास कलम १५६ आहे. लघुपट महोत्सवात गेला आणि लोकेशनचं परवानापत्र मागितलं तर तुमच्याकडे दाखवायला काही नसेल, हा आणखी एक अडथळा.

पण मला जास्त काळजी वाटते ती तारांची. त्या तारांत २५,००० व्होल्ट वीज असते आणि धक्का बसायला स्पर्श व्हावा लागत नाही. दोन मीटरच्या आत गेलेल्या वस्तूवरही ती झेप घेऊ शकते. आपल्या युनिटकडे काय काय असतं ते आठवा. साउंडवाल्याचा लांब बूम (माइकची काठी), ॲल्युमिनियमचा लाइट स्टँड, चंदेरी रिफ्लेक्टर, सेल्फी स्टिक. परवानगी घेऊन गेलात की रेल्वेचा माणूस बरोबर असतो आणि तो हात वर जायच्या आधी थांबवतो. गुपचूप गेलेल्या मुलांना थांबवायला कुणी नसतं, आणि घाई असते. त्यात विजेचं इंजिन लावलेली गाडी शांतपणे येते, मॉनिटरमध्ये डोकं घातलेल्या माणसाला कळतही नाही. तुमच्या मित्रांना हे वाचून दाखवा.

मोबाईलवर चित्रीकरण करायला हरकत काहीच नाही, फक्त ऑटोवर सोडू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० सेकंदावर ठेवा आणि सेकंदाला २५ फ्रेमवर घ्या, नाहीतर ट्यूब आणि काही एलईडी दिव्यांखाली चित्रात पट्टे फिरतात. वखारीत चाचणीला जाल तेव्हा तिथलेच दिवे लावून दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि मोठ्या पडद्यावर बघा.

खर्चाचा क्रम मी असा लावेन: आधी खिडकीचा तुकडा आणि ट्रॉली, मग आवाजासाठी एक चांगला साउंड रेकॉर्डिस्ट, मग वखारीचं भाडं आणि कपडे. स्टेशनचा अर्ज त्यानंतर, आणि तोही पूल आणि वखार यांचं कच्चं एडिटिंग बघून काही कमी वाटलं तरच. सुताराला दाखवायला खिडकीचं साधं रेखाचित्र काढलंत तर मापांसह इथे टाका. गजांमधलं अंतर आणि बाकाची उंची मी तपासून सांगतो.